डॉ. जॅकाल खलनायक होता का? चाहत्यांच्या वादातून संशोधनप्रश्न कसा काढायचा

पेट पास झाल्यावर आणि सिनॉप्सिस लिहायला बसण्याआधी बरेच जण एकाच ठिकाणी अडकतात. आवडीचा विषय असतो, पण त्यात प्रश्न नसतो. मालिका, सिनेमे, त्यांतली पात्रं आणि त्यांचे चाहते यांवर काम करायचं म्हणणाऱ्यांचं तर हे हमखास होतं. आवड इतकी घट्ट असते की तीच विषय वाटायला लागते. मग समितीतलं कुणी विचारतं, "यात संशोधन काय आहे?" आणि आपली ततपप होते.

हा प्रश्न अपमान म्हणून घेऊ नका. तो रास्त आहे आणि त्याला नीट उत्तर देता येतं. त्यासाठी आज एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊ या. उदाहरण आहे 'शक्तिमान' मालिकेतल्या डॉ. जॅकालचं आणि त्याच्यावरून होणाऱ्या वादाचं. जागा घेऊ या आळे, म्हणजे जुन्नर तालुक्यातलं आमच्या पट्ट्यातलं गाव. हे गाव का, ते पुढे येईलच.

आधी पात्राची ओळख

'शक्तिमान' दूरदर्शनवर १३ सप्टेंबर १९९७ ला सुरू झाली आणि २००५ पर्यंत चालली. 'महाभारत' मालिकेत भीष्म झालेले मुकेश खन्ना तिचे निर्माते आणि नायक. दिग्दर्शक दिनकर जानी. शक्तिमान एरवी वावरतो तो पंडित गंगाधर विद्याधर मायाधर ओंकारनाथ शास्त्री या लांबलचक नावाचा वेंधळा फोटोग्राफर म्हणून. चष्मा, पुढे आलेले दात आणि 'आज की आवाज' या वर्तमानपत्रातली नोकरी. तिथेच गीता विश्वास ही धडाडीची पत्रकार. समोर अंधाराचा सम्राट तमराज किल्विष. आणि अधूनमधून येणारा, हरणारा, पुन्हा नव्या युक्तीसकट उगवणारा शास्त्रज्ञ म्हणजे डॉ. जॅकाल. ललित परिमू यांनी ही भूमिका केली. 'पॉवर' हा शब्द तो ज्या तऱ्हेने ताणून म्हणायचा, ते त्या पिढीतल्या कितीतरी जणांना आजही जसंच्या तसं करून दाखवता येतं.

आता गोम कुठे आहे बघा. शक्तिमानची ताकद प्रयोगशाळेतून आलेली नाही. ती योगसाधना, कुंडलिनी आणि पंचमहाभूतं यांतून आलेली दाखवली आहे. जॅकालची ताकद मात्र यंत्रांतून आणि प्रयोगांतून येते. म्हणजे मालिकेत ज्याच्या हातात विज्ञान आहे तोच वाईट माणूस. इथून वाद सुरू होतो.

समजा, आळेफाट्यावर एका टपरीवर चहा घेताना पस्तिशी-चाळिशीतले तिघे यावर बोलायला लागले. (हे संभाषण मी कल्पिलेलं आहे. विदा म्हणून वापरू नका.) एक म्हणतो, "त्या सिरियलनं आपल्याला शास्त्रज्ञ म्हणजे वेडा माणूस असं शिकवलं." दुसरा म्हणतो, "विज्ञान वाईट नाही हो दाखवलं, माणूस हावरट दाखवला. हाव नसती तर तोच मोठा शास्त्रज्ञ झाला असता." तिसरा हसून म्हणतो, "तुम्ही काय पण! आम्ही जॅकाल यायची वाट बघायचो. तो नसला तर एपिसोड सपक."

तीन वाक्यं आणि तीन वेगळे दावे. पहिला दावा मालिकेच्या परिणामाबद्दल आहे, दुसरा कथेच्या अर्थाबद्दल आणि तिसरा बघण्यातल्या मजेबद्दल. हे तिघे एकाच गोष्टीवर भांडतायत असं वाटतं, पण प्रत्येकाचा प्रश्न वेगळा आहे. संशोधकाचं पहिलं काम हेच: वादातले वेगवेगळे प्रश्न सुटे करायचे.

कोणता वाद सुटतो आणि कोणता सुटत नाही

इथे पुण्यातलंच एक उदाहरण आठवा. फलज्योतिष खरं की खोटं, हा वादही घराघरात चालतो. २००८ मध्ये जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, त्यात अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्तेही होते, त्याची चाचणी घेतली. हुशार मुलांच्या १०० आणि मतिमंद मुलांच्या १०० पत्रिका जमवल्या. त्यांतल्या ४० पत्रिका प्रत्येक ज्योतिषाला द्यायच्या आणि कोणती पत्रिका कोणत्या गटातली ते ओळखायला सांगायचं. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण सरासरी ४६ टक्के आलं. नाणं उडवून सांगितलं असतं तरी ५० च्या आसपास आलं असतं.

या चाचणीची ताकद कशात होती? दाव्यातून भाकीत निघत होतं, उत्तर बरोबर की चूक हे आधीपासून माहीत होतं, आणि निव्वळ योगायोगाने किती बरोबर येतील याचा अंदाज होता. असा वाद कसोटीवर घासता येतो.

आता "जॅकाल खलनायक होता का?" हा प्रश्न याच कसोटीवर ठेवा. बरोबर उत्तर कुठल्या पाकिटात बंद आहे? कुठल्याच नाही. लेखक किंवा नट यांनी "तो अमुकच होता" असं सांगितलं तरी प्रेक्षक ते मानतीलच असं नाही, आणि न मानणं ही त्यांची चूकही नाही. म्हणून संशोधक हा प्रश्न सोडवत नाही, तो प्रश्न *बदलतो*. "जॅकाल कोण होता?" याऐवजी तो विचारतो: "कोणता प्रेक्षक जॅकालबद्दल काय म्हणतो, कोणत्या कारणांनी म्हणतो, आणि ती कारणं त्याला कुठून मिळाली?" या प्रश्नाचं उत्तर पुराव्याने देता येतं. चुकलं तर दुसरा संशोधक ते दाखवूनही देऊ शकतो.

सिनॉप्सिसमध्ये सर्वांत जास्त घोळ होतो तो इथेच. विद्यार्थी पहिला प्रश्न लिहितो आणि पद्धत दुसऱ्या प्रश्नाची वापरतो. ५० जणांच्या मुलाखती घेऊन "म्हणून जॅकाल हा खलनायक नव्हता" असा निष्कर्ष काढता येत नाही. ५० जण काय मानतात एवढंच त्यातून कळतं, आणि तेवढंही पुष्कळ आहे.

पुन्हा पुन्हा येणारं पात्र म्हणजे काय

वाद जॅकालवरूनच का होतो, किल्विषवरून तितका का होत नाही? याचं एक कारण मालिकेच्या रचनेत आहे.

रोज किंवा दर आठवड्याला चालणाऱ्या मालिकेत परतणाऱ्या विरोधकाची एक अडचण असते. तो जिंकला तर मालिका संपते, आणि कायमचा हरला तर तो परत येऊ शकत नाही. म्हणून तो दर वेळी हरतो, पण पुरता नाही. या अर्धवट हरण्यातून त्याला स्वभाव मिळतो: जिद्द, फजिती, नवा बेत, पुन्हा फजिती. किल्विष म्हणजे अंधार. अंधाराला कष्ट करावे लागत नाहीत. जॅकाल मात्र काहीतरी बनवतो, ते फसतं, तो पुन्हा बनवायला लागतो. पीएचडी करणाऱ्याला यात ओळखीचं काही दिसलं तर नवल नाही.

जगातलं याचं गाजलेलं उदाहरण म्हणजे 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या अमेरिकन मालिकेतला 'क्यू'. जॉन डी लॅन्सी यांनी केलेलं हे पात्र १९८७ च्या पहिल्या कथेत येतं आणि १९९४ च्या शेवटच्या कथेतही. मधली सगळी वर्षं धरून मालिकेचे भाग १७८, आणि क्यू दिसतो जेमतेम आठ कथांत. तरी चाहत्यांमध्ये त्याच्यावरून सतत वाद: हा शत्रू, खोडकर देव, की माणसाची परीक्षा घेणारा मास्तर? आपल्याला हा प्रश्न नवा नाही. नारद भांडणं लावतो की भांडणांतून गोष्ट मार्गी लावतो, यावर कीर्तनकारांनी पिढ्यानपिढ्या बोलून ठेवलं आहे.

आणि आमच्या पट्ट्यात तर नारायणगाव आहे, तमाशाची पंढरी. तमाशातली मावशी घ्या, सोंगाड्या घ्या. फड बदलतो, वग बदलतो, पण हे येणारच. प्रेक्षकाला ते काय करणार हे साधारण माहीत असतं. *या वेळी* कसं करणार ते बघायला तो बसलेला असतो. म्हणजे परतणारं पात्र प्रेक्षकाला तुलना करायला शिकवतं. मागच्या वेळची मावशी बरी होती, यंदाची जरा कमी पडली. वादाचं बीज याच तुलनेत असतं. तेव्हा "चाहत्यांचा वाद हे परदेशी खूळ आहे" असं कुणी म्हणालं, तर त्यांना एकदा जत्रेतला खेळ सुटल्यावरच्या गप्पा ऐकवा.

सिद्धांत: कामापुरते चार जण

साहित्याचा आढावा लिहिताना नावांची माळ ओवू नका. प्रत्येक अभ्यासातून *तुमच्या* प्रश्नाला काय मिळतं ते सांगा. मी जॅकालसाठी एवढे चार घेईन.

*स्टुअर्ट हॉल.* १९७३ मध्ये बर्मिंगहॅममधून त्यांनी मांडलं की कार्यक्रम बनवणारे त्यात अर्थ भरतात, पण प्रेक्षक तो तसाच उचलतो असं नाही. तीन शक्यता: बनवणाऱ्याला हवा तोच अर्थ स्वीकारणं, थोडं मानून थोडं वळवून घेणं, किंवा उलटा अर्थ लावणं. टपरीवरचा दुसरा माणूस तडजोड करतोय हे उघड आहे. पहिल्याचं काय? मालिकेचा संदेश "विज्ञान घातक" असा आहे हे त्याला कळलंय, आणि तो त्याला विरोध करतोय. पण तिसरा? तो संदेशाकडे बघतच नाही. हॉलची चौकट इथे अपुरी पडते. चौकट कुठे अपुरी पडते हे सापडलं की समजा, प्रबंधात तुमचं स्वतःचं काहीतरी आलं.

*डेव्हिड मॉर्ली.* हॉलची कल्पना प्रत्यक्षात चालते का हे त्यांनी तपासलं. बीबीसीच्या 'नेशनवाइड' कार्यक्रमाचं ध्वनिचित्रमुद्रण त्यांनी वेगवेगळ्या २९ गटांना दाखवलं आणि चर्चा नोंदवल्या. १९८० मध्ये पुस्तक आलं. निष्कर्ष असा की माणसाच्या वर्गावरून त्याचं वाचन सरळ सांगता येत नाही. एकाच वर्गातले शिकाऊ कामगार आणि युनियनचे कार्यकर्ते वेगळं वाचतात. आपल्यासाठी धडा: "शेतकरी असं म्हणतात, शिक्षक तसं म्हणतात" असे गट आधीच पक्के धरू नका.

*इयेन आंग.* 'डॅलस' ही अमेरिकन मालिका नेदरलँड्समध्ये गाजत होती. आंग यांनी एका मासिकात छोटी जाहिरात दिली: मला ही मालिका बघायला आवडते, पण लोक विचित्र नजरेने बघतात, तुम्हाला काय वाटतं ते लिहा. ४२ पत्रं आली. एवढ्यावर त्यांनी जगभर वाचलं गेलेलं पुस्तक लिहिलं. त्यांना दिसलं की मालिकेवर टीका करणाऱ्यांकडे तयार भाषा होती: स्वस्त, उथळ, बाजारू. आवडणाऱ्यांकडे मात्र बचावाची भाषा होती. हे ध्यानात ठेवा, कारण तुमच्या मुलाखतींतही माणसं "लहान होतो तेव्हा" असं म्हणूनच सुरुवात करण्याची शक्यता आहे. ते वाक्य खोडू नका, ते विदेचा भाग आहे.

*पूर्णिमा माणकेकर.* यांचं काम आपल्याला सगळ्यांत जवळचं. दिल्लीतल्या कनिष्ठ मध्यमवर्गीय घरांत जाऊन त्यांनी दूरदर्शनच्या मालिका बघणाऱ्या बायकांचा अभ्यास केला. पुस्तक १९९९ चं. 'महाभारता'तल्या द्रौपदीच्या वस्त्रहरणावर बोलता बोलता त्या बायका स्वतःच्या असुरक्षिततेवर, घरातल्या अपमानावर, रागावर बोलायला लागल्या. म्हणजे पात्रावरची चर्चा ही पुष्कळदा आयुष्यावरची चर्चा असते, पात्राच्या आडून केलेली. थेट विचारलं तर जे सांगता येत नाही, ते पात्राच्या नावाने सांगता येतं.

याशिवाय हेन्री जेनकिन्स यांचं १९९२ चं 'टेक्स्च्युअल पोचर्स' आहे. दुसऱ्याच्या रानात शिरून हवं ते घेऊन जावं तसे चाहते कथेतून हवं ते उचलतात आणि स्वतःचं काही बनवतात, ही त्यातली मुख्य कल्पना. आणि जॉन टलक यांच्यासोबतच्या १९९५ च्या पुस्तकात एमआयटीच्या विद्यार्थ्यांचा अभ्यास आहे. ते 'स्टार ट्रेक'कडे विज्ञान-तंत्रज्ञानाच्या नजरेने बघत, तर इतर चाहते त्यातल्या नात्यांकडे. एकच मालिका, पण तुम्ही कुठे उभे आहात त्यावर ती काय आहे हे ठरतं.

आळेच का?

आता जागेचा प्रश्न. "सोयीचं गाव म्हणून घेतलं" असं सिनॉप्सिसमध्ये लिहिलंत तर समिती सोडणार नाही. जागा प्रश्नाशी जोडलेली असावी लागते.

आळ्यापासून थोड्या अंतरावर खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. प्रत्येकी ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना. त्यांतल्या १४ मध्यभागी आणि बाकीच्या इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन दिशांना पसरलेल्या. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली हे काम उभं राहिलं. नव्वदच्या दशकात, ज्या वर्षांत जॅकाल घराघरात 'पॉवर' म्हणत होता, त्याच वर्षांत या पट्ट्यातली मुलं शेताच्या पलीकडे या प्रचंड थाळ्या बघत होती. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमाराला शाळांच्या सहली तिथलं विज्ञान प्रदर्शन बघायला जातात.

म्हणजे या भागात 'शास्त्रज्ञ' या शब्दाची दोन चित्रं एकाच वेळी होती. एक पडद्यावरचं, गडगडाटी हसणारं. दुसरं खोडदचं: शांत, दूरवरचे रेडिओ संकेत टिपणारं, आणि बहुतेकांना नेमकं काय चालतं ते न कळणारं. या दोन चित्रांचं माणसांच्या मनात काय झालं? ती एकमेकांत मिसळली की वेगवेगळ्या कप्प्यांत राहिली? हा प्रश्न पुण्याच्या पेठेत किंवा मुंबईत विचारून हे उत्तर मिळणार नाही. तो इथेच विचारावा लागतो. म्हणून आळे.

यात पणाला काय आहे? शास्त्रज्ञाबद्दल आपल्याला काय वाटतं यावर मूल विज्ञान शाखेला जाईल का, बाहेरून आलेल्या संशोधकावर गाव विश्वास ठेवेल का, लस घेईल का, अशा पुष्कळ गोष्टी अवलंबून असू शकतात. मालिकेने हे *घडवलं* असा दावा आपण करत नाही. माणसं हे ठरवताना कोणत्या गोष्टींचा आधार घेतात, ते शोधतोय. महाराष्ट्रात, जिथे वैज्ञानिक दृष्टिकोनाचा आग्रह धरणाऱ्या नरेंद्र दाभोलकरांचा २०१३ मध्ये पुण्यात खून झाला, तिथे हा प्रश्न फुटकळ नाही.

आळ्याचा रेडा आणि 'अधिकृत गोष्ट'

आळ्याचं नाव घेतलं की कुणीही पहिल्यांदा सांगेल ते रेडा समाधीबद्दल. पैठणला ज्ञानेश्वरांनी ज्याच्या मुखातून वेद वदवले, तो रेडा पुढे आळंदीकडे येताना इथे थांबला आणि इथेच त्याला समाधी दिली, अशी परंपरा आहे. आता हे संशोधनाच्या नजरेने बघा. पैठणचा प्रसंग सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक, पण "त्या रेड्याचं पुढे काय झालं?" या प्रश्नाचं उत्तर या गावाने जपलं. मुख्य कथेच्या कडेला असलेल्या जिवाला इथे मध्यभागी जागा मिळाली.

चाहत्यांच्या अभ्यासात 'कॅनन' असा शब्द येतो. अधिकृत गोष्ट कोणती आणि ती कोण ठरवतं, याबद्दलचा तो शब्द. मालिकेच्या बाबतीत हक्क निर्मात्याकडे असतात. म्हणूनच शक्तिमानवर नवा सिनेमा येणार अशी २०२२ मध्ये घोषणा झाल्यावर भूमिका कुणी करावी याची चर्चा रंगली. २०२४ मध्ये रणवीर सिंह यांच्या नावाला मुकेश खन्ना यांनी जाहीर विरोध केला, तेव्हा शक्तिमान नक्की कुणाचा, असा वाद पेटला: निर्मात्याचा, नटाचा की बघून मोठे झालेल्यांचा?

पण सावध राहा. श्रद्धा आणि चाहतेपण या दोन गोष्टी एक नाहीत. समाधीला येणारा वारकरी आणि मालिकेचा चाहता यांना एकाच मापाने मोजलंत तर दोघांनाही चुकीचं समजाल, आणि गावात काम करणंही अवघड होईल. तुलना एवढीच: गोष्टीची उरलेली बाजू जपणारे लोक कोण असतात आणि ती का जपतात? तेवढं घ्या, पुढे ताणू नका.

काम प्रत्यक्षात कसं करायचं

*तुम्ही बघणं अभ्यासत नाही, आठवण अभ्यासता.* १९९८ मध्ये दहा वर्षांचा असलेला मुलगा आज अडतिशीच्या घरात आहे. तो सांगेल ते आजच्या माणसाने आजच्या गरजेतून आठवलेलं असणार. त्यात मधल्या काळात पाहिलेले मीम आणि २०२० च्या लॉकडाऊनमध्ये दूरदर्शनने पुन्हा दाखवलेले भाग मिसळलेले असतील. हा दोष नाही, फक्त शीर्षकात आणि निष्कर्षात 'आठवण' हा शब्द यायला हवा.

*पहिला प्रश्न पात्राचा नको.* आधी विचारा: "टीव्ही कुणाच्या घरी बघायचात? कुठे बसायचात? लाइट गेली तर काय करायचात?" कोण खाटेवर आणि कोण दारात बसायचं, कुणाला घरात बोलावलं जायचं नाही, यात जात, पैसा, मुलगा-मुलगी असे सगळे भेद दिसतात. मग जॅकालकडे या. मुलींना रविवारी दुपारी पूर्ण भाग बघायला मिळायचा का, हे न विचारता "स्त्री प्रेक्षकांना जॅकाल कमी आठवतो" असं लिहिलंत तर ते फसवं ठरेल.

*न आवडणाऱ्यांनाही विचारा.* जोनाथन ग्रे यांनी २००३ मध्ये 'अँटी-फॅन' ही कल्पना मांडली: जो बघत नाही किंवा तिरस्काराने बघतो, पण ज्याचं मत मात्र ठाम असतं. घरी मालिका बंद करणारे पालक, वर्गात 'पॉवर' ओरडणाऱ्यांना छडी देणारे गुरुजी हे तुमच्या नमुन्यात हवेतच.

*बातमी जपून वापरा.* शक्तिमान वाचवायला येईल या भरवशावर मुलांनी जिवावरचे धोके पत्करले, अशा बातम्या त्या काळी आल्या. मुकेश खन्ना यांनी हा संबंध नाकारला आहे. मालिकेतून मुलांना समजावून सांगणारे संदेशही दिले जात. संशोधकाने इथे निवाडा करायचा नाही. बातमी म्हणजे घटनेचा पुरावा नव्हे. पण अशी बातमी *होणं* आणि तिने पालक धास्तावणं ही स्वतंत्र घटना आहे. स्टॅनली कोहेन यांनी १९७२ मध्ये अशा सामाजिक धास्तीवर लिहून ठेवलंय. ते वाचून मगच हे प्रकरण लिहा.

*कोडिंग बारीक करा.* टपरीवरचं दुसरं वाक्य घ्या: "विज्ञान वाईट नाही हो दाखवलं, माणूस हावरट दाखवला." यावर 'विज्ञानाला पाठिंबा' एवढंच लेबल लावलंत तर निम्मं हातातून गेलं. इथे चार गोष्टी आहेत: ज्ञान आणि ज्ञानी माणूस यांची फारकत, हाव हे मूळ कारण, 'दाखवलं' या क्रियापदातून बनवणाऱ्याची जाणीव, आणि 'हो' म्हणून समोरच्याला केलेली मनधरणी. वाद हा संवाद असतो. कोण कुणाला काय पटवतोय हेही नोंदवा.

*परवानगी आणि नावं.* तुमच्या संस्थेच्या नैतिकता समितीची मंजुरी आधी घ्या. लेखी किंवा ध्वनिमुद्रित संमती घ्या, नावं बदला. छोट्या गावात नुसतं नाव बदलून भागत नाही. "किराणा दुकान असलेले निवृत्त मुख्याध्यापक" असं लिहिलंत की सगळ्या गावाला कळतं.

मग प्रश्न कसा दिसेल?

सुरुवातीला आपल्याकडे "मला जॅकाल आवडायचा" एवढंच होतं. आता असं लिहिता येईल:

"१९९७ ते २००५ या काळात आळे परिसरात वाढलेले प्रेक्षक 'शक्तिमान'मधील डॉ. जॅकाल या पात्राविषयीच्या आठवणी सांगताना विज्ञान आणि शास्त्रज्ञ यांच्याविषयी कोणते युक्तिवाद करतात? आणि जवळच्या जीएमआरटीविषयीच्या त्यांच्या अनुभवाशी ते युक्तिवाद कसे जोडतात किंवा जोडत नाहीत?"

यात काळ आहे, जागा आहे, माणसं आहेत, विदा कोणता ते आहे, आणि 'जोडत नाहीत' या शब्दांत आपलं गृहीतक चुकण्याची सोयही आहे. माणसांना जॅकाल आणि खोडद यांचा काडीचा संबंध वाटत नाही, असं निघालं तर? तोही निष्कर्षच. पडद्यावरचा शास्त्रज्ञ आणि गावाशेजारचा शास्त्रज्ञ एकमेकांना कधी भेटलेच नाहीत, ही विज्ञान पोहोचवणाऱ्यांनी ऐकायलाच हवी अशी गोष्ट आहे.

तुमच्या डोक्यात दुसरं पात्र असेल. 'कॅप्टन व्योम'मधलं असेल, एखाद्या मराठी मालिकेतलं असेल. हरकत नाही. वहीचं एक पान घ्या आणि त्या पात्रावरून होणाऱ्या वादातली पाच वाक्यं, ऐकलेली, जशीच्या तशी, बोलीसकट लिहा. प्रत्येकासमोर लिहा: हा दावा परिणामाचा, अर्थाचा की मजेचा? मग विचारा, यातलं काय पुराव्याने तपासता येईल? जे उरेल त्यावर गाइडशी बोलायला जा. तिथे कुणी "यात संशोधन काय?" असं विचारलं, तर ते पान पुढे करा आणि पहिल्या वाक्यापासून वाचायला लागा.